ज्याची सुई त्यानेच टाकायची

वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायला गेलो आणि ती सुई मी माझ्याच अंगठ्यात घुसवून घेतली. तेही प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, पहिल्या बाकावर बसून, आणि 'वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नये' हे वाक्य फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहून झाल्यावर. अक्षर बरं म्हणून लिहायला मलाच उठवलं होतं.

सुई स्वच्छ होती. ती माणसाला नव्हे, केळीच्या खोडाला टोचली होती. म्हणून मी अंगठा तोंडात घातला आणि हसून वेळ मारून न्यावी असं ठरवलं. समोर भोईर सिस्टर उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"अंगठा तोंडातून काढ. नळाखाली धर. साबण लाव. पिळू नको, चोखू नको. आता मला सांग, ही सुई कुठल्या पेशंटची होती?"

"सिस्टर, केळीची होती."

"केळीचं नाव काय? तिला कावीळ होती का? तिचं रक्त तपासायला कोण घेणार? तुझं कोण घेणार? रिपोर्ट येईपर्यंत घरी काय सांगणार आहेस?"

वर्ग हसत होता. मी नळाखाली अंगठा धरून उभा होतो आणि सिस्टर एकेक प्रश्न असा विचारत होत्या, की शेवटी मला त्या केळीच्या तब्येतीची खरोखरच काळजी वाटायला लागली. अपघाताची नोंद माझ्याकडूनच करवून घेतली. पेशंटच्या नावापुढे मी 'केळ' लिहिलं. त्यांनी ते खोडून 'अज्ञात' लिहायला लावलं आणि म्हणाल्या, "अज्ञात म्हणजे सगळ्यात वाईट. लक्षात ठेव."

विरारहून आगाशीकडे जाताना एक लहानसं हॉस्पिटल लागतं. नाव सांगत नाही, तिथे अजून माझे मित्र नोकरीला आहेत. मी तिथे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून लागलो होतो. आमचं कुटुंब मूळचं साताऱ्याकडचं, वडील नोकरीमुळे विरारला आले आणि फ्लॅट घेऊन इथलेच झाले. भोईर सिस्टर मात्र इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. माहेरी भातशेती. नव्या नर्सना सुया आणि सिरिंज कशा हाताळायच्या, वापरल्यावर कुठे टाकायच्या, हे शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. दुसरंही बरंच होतं, पण त्यांच्या मते जगातली बाकीची सगळी कामं या कामाच्या नंतर येत.

बांधा ठेंगणा, केसांचा अंबाडा घट्ट. सोनचाफ्याचं फूल रोज असायचं, पण डोक्यात नाही, टेबलाच्या खणात. खण उघडला की वास यायचा आणि आत कात्रीशेजारी ते फूल दिसायचं. चालताना त्यांचे हात अंगापासून जरा लांब असत, तळवे दिसतील असे. खिशात हात घातलेला माणूस त्यांना अजिबात चालत नसे. पर्समध्ये एक लांब दांड्याचा चिमटा असे. जमिनीवर पडलेली कुठलीही वस्तू त्या हाताने उचलत नसत. एकदा त्यांचं स्वतःचं कानातलं पडलं, तेही चिमट्यानेच उचललं. कॅन्टीनमध्ये भजी उचलायला दुसरा चिमटा आहे अशी अफवा होती. ती मीच पसरवली होती.

बोलणं स्वच्छ, पुस्तकी. पण चिडल्या किंवा घाबरल्या की त्यांच्या बोलण्यातले 'ण' एकेक करून निघून जात आणि गावची भाषा वर येई. आम्ही त्यावरून हवामान ओळखायचो. 'पाणी आण' म्हणाल्या तर ठीक. 'पानी आन' म्हणाल्या तर पाणी आणून लगेच लांब व्हायचं.

त्यांचे नियम मोजके होते. सुई ज्याने टोचली, त्यानेच टाकायची. दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, ट्रेमध्ये मागे ठेवायची नाही, 'मावशी उचलतील' म्हणायचं नाही. "टोपन एकदा काढलं ना," त्या वर्गात सांगत, आणि इथे मुद्दाम गावच्या भाषेवर येत, "की ते सुईचं कोनी नाय. परत भेट घालायची नाय." मग कटर दाखवत. हे छोटं यंत्र सुई बुडापासून कापतं आणि तिच्याबरोबर सिरिंजचं टोकही कातरलं जातं. सुई पांढऱ्या जाड डब्यात, सिरिंज लाल पिशवीत. "सिरिंजचं नाक कापलेलं असलं म्हणजे समजायचं, सुई जिथे जायची तिथे गेली."

एकदा एका मोठ्या सर्जनने टाके घालून झाल्यावर, मान वर न करता, सुई धरलेला हात मागे केला. घ्यायला भोईर सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी ट्रे पुढे केला आणि हात मागे घेतले. सर्जनचा हात हवेत तसाच.

"सिस्टर, घ्या ना."

"ठेवा ना, सर."

दोघंही थांबले. ऑपरेशनच्या खोलीत एवढी शांतता मी पेशंट गेल्यावरही पाहिली नव्हती. शेवटी सर्जनने सुई ट्रेमध्ये ठेवली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "या बाईंशी वाद घालण्यापेक्षा अपेंडिक्स सोपं."

हा हट्ट कुठून आला, ते मला शीतलने सांगितलं. शीतल म्हणजे माझ्याच बॅचची नर्स, नालासोपाऱ्याची, बोलणं अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी. "अरे, सिस्टरला यंग असताना टोचली होती ना. ट्रेमध्ये कापसाखाली कोणीतरी सोडलेली. कोणाची, पताच नाही. मुलगी अंगावर पीत होती तेव्हा. रिपोर्ट क्लियर येईपर्यंत पाजलं नाही म्हणे. बाजूच्या खोलीत बसून ऐकायच्या तिचं रडणं."

सिस्टरनी मला हे कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आता ते केळीचं खोड. वर्गात टोचण्याचा सराव कशावर करायचा, हा सगळ्यांचाच प्रश्न असतो. कुणी उशी घेतं, कुणी मोसंबी. वसईत केळीला काय तोटा? घड उतरवला की खोड आडवंच करतात. सिस्टर आगाशीच्या वाड्यांमधून, म्हणजे बागांमधून, खोडाचे तुकडे मागवत. त्याच्या सालीतून सुई जाताना माणसाच्या कातडीसारखा आधी थोडा अडथळा आणि मग एकदम मऊपणा लागतो. ही त्यांची स्वतःची युक्ती होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. आम्ही त्या खोडावर इतका सराव केला, की केळीचं झाड दिसलं की माझा हात आपोआप स्पिरिटचा कापूस शोधायचा. हे तेव्हा मला गमतीचं वाटे.

जवळच्या वटार गावी आमच्या हॉस्पिटलने धनुर्वाताच्या इंजेक्शनचं शिबिर ठेवलं. वाडीत काम करणाऱ्यांना कोयते, काटे, तारा लागतातच. जागा बालवाडीची. बालवाडीच्या बाई आधी तयार नव्हत्या. म्हणाल्या, "सकाळी माझी पोरं इथे अनवाणी येतात. जमिनीवर बसतात, रांगतात. तुमच्या सुया असतील सगळीकडे."

सिस्टर म्हणाल्या, "एकही राहणार नाही. माझा शब्द." बाईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली.

गावकऱ्यांनी हौसेने दाराशी नाही, तर थेट आमच्या टेबलाच्या दोन बाजूंना केळीचे खांब उभे केले होते, डब्यांत वाळू घालून. वर झेंडूची माळ. सत्यनारायणाला बसल्यासारखे आम्ही दिवसभर टोचत होतो.

शेवटचे आले इनासदादा. वाडीवाले, हाताचे पंजे फावड्याएवढे, एक म्हैस बाळगून. बायको रेमीबाय त्यांना जवळजवळ ढकलत घेऊन आली. "कोयता लागला तर हसतो, आणि सुईला घाबरतो," ती म्हणाली. दादा डोळे मिटून बसले. मी टोचली, सुई काढली, आणि दादा शांतपणे माझ्या अंगावर कोसळले. मी त्यांना धरलं. शीतलने पाणी मारलं. दादा उठले, लाजले, लिंबूपाणी प्यायले. मी टेबलावरची सिरिंज उचलून लाल पिशवीत टाकली. सगळे पांगले. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि मी मनातल्या मनात विरारला पोचलो होतो.

पिशवी बांधायच्या आधी एकदा आत बघायचं, ही सिस्टरची सवय. त्या चिमट्याने सिरिंजा एकेक करून हलवत होत्या. मधेच थांबल्या. चिमट्यात एक सिरिंज उचलून त्यांनी उजेडात धरली.

"हिचं नाक शाबूत आहे."

आम्हाला लगेच कळलं नाही. मग कळलं. सिरिंजवर सुई नव्हती आणि टोक कातरलेलं नव्हतं. म्हणजे सुई कटरमध्ये गेलीच नव्हती. ती कुठेतरी निघून पडली होती. वापरलेली, उघडी, या खोलीत.

"कोनी हलायचं नाय," सिस्टर म्हणाल्या. ण गेला होता.

दारात बालवाडीच्या बाई किल्ली घ्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं?" सिस्टरनी लपवलं नाही. "एक सुई सापडत नाहीये. सापडल्याशिवाय तुम्हाला किल्ली देणार नाही." बाईंचा चेहरा मी बघितला आणि मग बघायचं टाळलं.

चपला घालून, टॉर्च आडवी धरून, आम्ही फरशीचा चौकोन चौकोन बघितला. सतरंज्या हाताने नाही, काठीने उलटल्या. कोपऱ्यात मुलांचे लाकडी ठोकळे होते, ते एकेक करून चिमट्याने बाजूला केले. मी सगळ्यात जास्त उत्साहाने शोधत होतो. टेबलाखाली शिरलो, डोकं आपटलं, आणि शीतलला म्हणालो, "ज्याने कोणी केलंय ना, त्याला सिस्टर सोडणार नाहीत."

मग घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून मी अॅप्रनच्या खिशाकडे हात नेला.

"हात बाहेर," सिस्टर म्हणाल्या. "अॅप्रन काढ. टेबलावर झटक."

झटकला. पेन, स्कूटरची किल्ली आणि अर्धवट खाल्लेली चिक्की पडली. सुई नव्हती. शीतल चिक्कीकडे बघत राहिली.

सिस्टर खुर्चीवर बसल्या. डोळे मिटले. मग म्हणाल्या, "शेवटचा कोण होता?"

"इनासदादा."

"कोणी टोचलं?"

"मी."

"उठ. तसंच करून दाखव. शीतल, तू इनासदादा हो."

शीतल खुर्चीत बसली. मी पेनची सिरिंज केली. टोचली, काढली. शीतल माझ्या अंगावर पडली, जरा जास्तच जोरात. मी तिला डाव्या हाताने सावरलं, आणि माझा उजवा हात, मला न विचारता, बाजूला गेला, हवेत एका जागी थांबला आणि त्याने पेन पुढे खुपसलं.

तिथे काहीच नव्हतं. खाली वाळूचा डबा होता. डब्यातल्या वाळूत एक गोल खड्डा.

मग आठवलं. धरायला दोन हात हवे होते, म्हणून मी सिरिंज शेजारच्या केळीच्या खांबात खुपसली होती. वर्गात खुपसायचो तशी. मग ओढून काढली ती नुसती सिरिंज आली, सुई खांबातच राहिली, आणि ती रिकामी सिरिंज मी न बघता टेबलावर ठेवली होती.

"खांब कुठे आहेत?" सिस्टरनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "इनासदादा घेऊन गेले मघाशी. म्हशीला चारा. कापून घालतात ना."

शीतलने फोन लावला. वाजत राहिला. दादा गोठ्यात असताना फोन घरात असतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आम्हाला तेव्हा कळलं.

सिस्टर कुणाच्या स्कूटरवर कधी बसत नसत. गुडघे दुखत. त्या माझ्या मागे बसल्या, एका हातात पांढरा डबा, दुसऱ्यात चिमटा. वाडीतली वाट अरुंद, दोन्हीकडे केळी, आणि त्या केळी मला सगळ्या माझ्याकडे बघतायत असं वाटत होतं. मनात फक्त एकच दिसत होतं. कापताना दादा एका हाताने खोड धरणार. तुकडे रेमीबाय हाताने गोळा करणार. उरलेलं म्हैस खाणार, आणि म्हशीच्या पोटात सुई गेली की तिचं काही खरं नाही.

कोयत्याचा आवाज वळणावरूनच ऐकू आला. खट्, मग थोडं थांबून खट्.

गोठ्यासमोर दादा उकिडवे बसून खोड कापत होते. एक खांब अख्खा भिंतीला टेकून होता. दुसऱ्याच्या चकत्या झाल्या होत्या. रेमीबाय वाकून दोन्ही हातांनी त्या टोपलीत भरायला लागली होती.

"रेमी, हात काढ," सिस्टर चालत्या स्कूटरवरूनच ओरडल्या. "दादा, कोयता थांबव. कोनी काय उचलू नको."

रेमीबाय तशीच वाकलेली थांबली, हात हवेत. दादांचा कोयता वर. फक्त म्हैस रवंथ करत होती. तिच्या तोंडात आधीच काहीतरी होतं.

"तिला किती घातलं?"

"दोन तुकडे," रेमीबाय घाबरून म्हणाली. "पण ते घरच्या खोडाचे, सकाळचे. ह्यातलं अजून नाय. काय झालं काय, सिस्टर?"

मी सांगितलं. दादांनी कोयता हळूच खाली ठेवला.

सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. ते दुखत असणार, पण चेहऱ्यावर दिसलं नाही. एकेक चकती चिमट्याने उचलायची, सगळ्या बाजूंनी बघायची, बाजूला ठेवायची. मला वाटलं आपण मदत करावी, म्हणून मी एका चकतीला हात घातला. चिमटा माझ्या मनगटावर बसला. "बघत राहा. फक्त डोळे वापर."

उजेड कमी होत होता. टोपलीजवळची चकती त्यांनी उचलली, फिरवली, आणि थांबल्या. हिरव्या सालीत एक बारीक निळा ठिपका होता. सुईचं प्लॅस्टिकचं बूड. सुईचं टोक चकतीच्या कापलेल्या बाजूने किंचित बाहेर आलं होतं. रेमीबायचा हात तिथून वीतभरावर थांबला होता.

सिस्टरनी चिमटा माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं, हे त्या स्वतः करतील.

"कोनी टोचली?"

"मी."

"मग?"

मी शीतलला हाक मारणार होतो डबा धरायला, पण शीतल तिथे नव्हती. "धरा ना डबा," मी सिस्टरना म्हणालो.

"डबा कोनी धरायचा नाय. खाली ठेव."

डबा जमिनीवर ठेवला. मी श्वास सोडला, चिमट्याने सुई ओढली, आणि ती डब्यात पडली. त्या एवढ्याशा आवाजाने मला आयुष्यात कुठल्याही टाळ्यांनी वाटलं नाही तेवढं बरं वाटलं.

दादांनी विचारलं, "ही तीच? मला टोचली ती?" मी हो म्हटलं. दादा डब्याकडे बघत हळूहळू एका बाजूला झुकायला लागले.

"धर त्याला," सिस्टर म्हणाल्या. "आता दोन्ही हात रिकामे आहेत ना तुझे?"

रेमीबायचे हात त्यांनी नळाखाली धुवून, उलटेसुलटे करून, बोट न् बोट बघितलं. कुठे ओरखडा नव्हता. दादांचेही बघितले. मग आम्ही बालवाडीत परत गेलो आणि सिस्टरनी बाईंना सगळं सांगितलं. कुणाची चूक, तेही. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि माझं नाव येण्याची वाट बघत होतो.

"चूक माझी," सिस्टर म्हणाल्या. "केळीच्या खोडात सुई खुपसायला मी शिकवलं ह्यांना. हाताला सवय लावली. घाईत हात शिकवलेलंच करतो."

"सिस्टर, पण खुपसली तर मी," मी म्हणालो.

"तू गप. तुझं वेगळं सांगणार आहे मी." आणि किल्ली बाईंच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी बालवाडी भरायच्या आधी त्या पुन्हा तिथे गेल्या, अनवाणी फिरून सगळी खोली बघितली, हे मला बाईंकडून खूप नंतर कळलं. सुई सापडली होती, तरी.

त्यानंतर त्यांच्या वर्गात केळीचं खोड दिसलं नाही. एवढी आवडती युक्ती, पण एका दिवसात सोडली. कुणी कारण विचारलं तर माझ्याकडे बोट करत. स्पंजच्या तुकड्यावर सराव सुरू झाला, आणि सुई टोचायच्या आधीच कटर आणि डबा हाताशी आहे का हे विचारायचा नवा नियम आला. "माणूस पडला तर आधी सुई कुठे ठेवणार, ते टोचायच्या आधी ठरव." आता हे वाक्य मी नव्या मुलींना सांगतो. त्यांना ते जरा विचित्र वाटतं.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या. तीच लेक, शेजारच्या खोलीत रडणारी. जाण्याआधी त्यांनी गावच्या घरी सत्यनारायण घातला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं. खाडीकडून वारा येत होता, ओटीवर माणसं, आतून शिऱ्याचा वास. सिस्टर प्रथमच नऊवारीत, आणि सोनचाफा प्रथमच खणात नाही, अंबाड्यात. मला एकदम भरून आलं. मी हार आणला होता, दोन शब्द बोलायचेही पाठ केले होते. उंबऱ्यातून आत गेलो. समोर चौरंग, चौरंगाच्या चारी बाजूंना केळीचे खांब, आणि मी हार सांभाळत नेमका एका खांबाला टेकलो.

सिस्टरनी मला बघितलं, मग खांबाला बघितलं, आणि पाहुण्यांनी भरलेल्या त्या खोलीत लेकीला हाक मारून म्हणाल्या, "ह्याला खांबापासून लांब बसव गं. आनि आधी खिसे बघ."